पुलावरचे तिघे

पलटणीची गाडी सिग्नल मिळेना म्हणून आमच्या पुलाच्या तोंडाशी थांबली आणि खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली. बेळगावहून पुण्याला, पुण्याहून मुंबईला आणि तिथून बोटीनं आफ्रिकेला निघालेले मराठे होते. मी खांद्याला बंदूक लावून कठड्याशी उभा होतो. एका मिशाळ शिपायानं मला विचारलं, की तुम्ही कुठली आघाडी सांभाळताय. मी म्हणालो, नीरेचा पूल. डबाभर हसू उसळलं. मागून कुणीतरी म्हणालं, की हे महिन्याचे शिपाई आहेत, यांना पुलाखालचे मासे राखायला ठेवलंय.

माझे कान तापले. तेवढ्यात पुलाच्या दुसऱ्या टोकाहून हैबती चालत आला. त्यानं बंदूक खाली टेकवली आणि सावकाश म्हणाला, "मासं न्हवं, पाव्हणं. लढाई मारून तुमी माघारी याल ते ह्याच पुलावरनं. तवा त्यो जाग्यावर असावा म्हनून हुबं हाय."

मिशाळ शिपायानं कपाळाला हात लावून त्याला सलाम केला आणि सिगारेटचं एक पाकीट खाली टाकलं. गाडी हलली. हैबतीनं पाकीट उचलून माझ्या हातात दिलं, म्हणाला की तुला लागतं, मला नाही. मी ते घेतलं आणि मनातल्या मनात त्याला शिवी हासडली.

ही चाळीस सालची गोष्ट. हैबती फडतरे आणि मी, दौलती निकम, दोघंही वाघझरीचे. घरं एका आळीत, जन्म एका सालातला. आमची पलटण टेरिटोरियल. म्हणजे वर्षातून एक महिना बेळगावला जाऊन कवायत करायची, बंदूक चालवायची आणि उरलेले अकरा महिने घरची कुणबीक बघायची. सदतीस साली मी हौसेनं नाव घातलं. हैबतीनं घातलं ते मी मागं लागलो म्हणून. त्याला भीती होती, कारण तो डाव्या कानानं बहिरा होता. लहानपणी विहिरीत सूर मारताना कानात काही बिघडलं, महिनाभर पू वाहिला आणि कान गेला. गावात हे कुणाला ठाऊक नव्हतं. तो नेहमी माणसाच्या डाव्या बाजूनं चालायचा, म्हणजे बोलणारा त्याच्या चांगल्या कानाशी येई. फक्त त्याची आई आणि मी, एवढे दोघेच जाणून होतो.

भरतीच्या वेळी डॉक्टर एक कान बंद करायचा, दोन पावलांवर उभा राहायचा आणि दहाच्या आतला एक आकडा कुजबुजायचा. माणसानं तो मोठ्यानं म्हणायचा. पुढच्या नंबरचा माणूस समोर दारात, कुजबूज ऐकू येईल इतक्या जवळ उभा असे. मी मुद्दाम हैबतीच्या मागचा नंबर घेतला. डॉक्टर कुजबुजला की मी मांडीवर बोटं उघडायचो. पाचाच्या वर आकडा गेला, की डाव्या हाताची पाच आणि वरची उजव्याची. हैबती बिनचूक आकडे म्हणाला आणि पास झाला. बेळगावातून येताना आम्ही त्यावरून हसून हसून बेजार झालो होतो.

पुढं लढाई सुरू झाली आणि पलटण कायमची बोलावली गेली. आमच्या दहा जणांच्या तुकडीला नीरेचा पूल राखायला दिला. पुलाजवळ पत्र्याची शेड, आमच्यावर हवालदार बळवंत घोरपडे. आणि इथून माझं बिनसायला लागलं.

हैबतीला बंदूक धरायला मी शिकवलं होतं. निशाण माझं त्याच्याहून चांगलं होतं. पण पहिल्याच वर्षात हाताला लान्स नाइकाची फीत लागली ती त्याच्या. भांडण मिटवायला माणसं त्याच्याकडं जात. कप्तान साहेब ट्रॉलीवरून पाहणीला आला की नाव घेऊन हाक मारी ती हैबतीला. मी त्याच्या शेजारी ताठ उभा असे आणि साहेबाची नजर माझ्यावरून घसरून पुढं जाई. एकदा आम्ही दोघं रजेवर गावी गेलो. आमच्या ओसरीवर बसून माझ्या बापानं विचारलं, "हैबती, लढाई कुठवर आली रं?" मी बापाच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो. त्या दिवशी मी भाकर तशीच टाकून उठलो.

तो वाईट असता तर सोपं गेलं असतं. पण मिळेल ते तो अर्धं माझ्या हातावर ठेवायचा, आणि तेच मला जास्त झोंबायचं.

तुकडीत शिदू देवकर म्हणून एक माणदेशी गडी होता. ढाकणवाडीचा, काळासावळा, कमी बोलणारा. दोन सालं पाऊस पडला नाही म्हणून फौजेत आलेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्याला ना फितीचं काही होतं ना आफ्रिकेचं. पुलाखाली नदीचं पाणी बारमाही, याचंच त्याला मोठं अप्रूप. त्यानं काठाला वांग्यांचा आणि मेथीचा वाफा केला होता. पहारा संपला की तो त्यात जाऊन बसायचा. सगळी तुकडी त्याची वांगी खायची.

दसरा झाला आणि कप्तान साहेब आला. आफ्रिकेतल्या पलटणीला माणसं कमी पडत होती. टेरिटोरियलमधून खुशीनं येतील ते घ्यायचे, पण दर तुकडीतून एकच. कोण तयार आहे म्हणून विचारलं तेव्हा दहाही हात वर झाले. शिदूचाही झाला. नंतर कुणीतरी त्याला विचारलं, तर म्हणाला, सगळ्यांनी केला म्हणून केला.

हवालदारानं संध्याकाळी नाव सांगितलं. हैबती फडतरे. तो डॉक्टरच्या तपासणीत नाही टिकला, तर दौलती निकम.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नदीवर कपडे धूत होतो. हैबती म्हणाला, की त्यानं हवालदाराला विनवलं होतं, दोघांना मिळून पाठवा, एका गावचे आहोत. हवालदार नाही म्हणाला. मग पिळलेला सदरा दगडावर ठेवून त्यानं विचारलं, "बोटं दाखवशील न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

तपासणी पुढच्या स्टेशनात, मालाच्या गोदामात होती. आजूबाजूच्या पुलांवरच्या तुकड्यांतली माणसं आली होती. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. छाती, दात, डोळे, पाय बघून झाले की कान. मी दारात उभा होतो, हैबतीच्या अगदी समोर. डॉक्टरनं आधी त्याचा डावा कान झाकला. चांगल्या कानानं त्यानं तीन आकडे झटपट सांगितले. मग डॉक्टर दुसऱ्या बाजूला गेला आणि उजव्या कानात कापूस घालून वर तळहात दाबला.

"चार," डॉक्टर कुजबुजला.

मी मांडीवर चार बोटं उघडली. हैबती म्हणाला, चार.

"सात."

उजव्या हाताची दोन बोटं मी उघडली. तेवढीच. डावा हात मी मुठीत मिटून ठेवला.

ते ठरवून केलं का, असं मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. आदल्या रात्रीपर्यंत ठरवलेलं नव्हतं. दारात उभा राहिलो तेव्हाही नव्हतं. पण मूठ मिटलेली आहे हे मला कळत होतं, आणि ती उघडायला वेळही होता. हैबती माझ्याकडं बघत होता. जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "दोन."

डॉक्टर थबकला. पुन्हा कुजबुजला, सात. मी दोन्ही हात पाठीमागं नेले. हैबती गप्प उभा राहिला. डॉक्टरनं त्याच्या कानाशी टाळी वाजवली, चुटकी वाजवली, मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा म्हणून मला बोलावलं. माझे दोन्ही कान उत्तम निघाले.

हैबतीला नुसतं आफ्रिकेला नाकारलं नाही. अपात्र म्हणून पलटणीतूनच काढलं. चार दिवसांत फीत, बूट, बंदूक जमा करून तो घरी निघाला. जाताना मला म्हणाला, "चूक झाली आसंल तुजी. हुतं आसं." एवढंच. मी मान हलवली. तो गेला आणि मला खरोखर हलकं वाटलं. मी माझी ट्रंक आवरायला घेतली.

हवालदारानं मला शेडच्या मागं बोलावलं. म्हातारपणाकडं झुकलेला माणूस. पहिली लढाई बसऱ्याला लढलेला.

"तुजा डावा हात का न्हाई उगडला?" त्यानं विचारलं.

तो म्हणाला, की गोदामाच्या दाराशी, माझ्या मागंच तो उभा होता.

"बहिरा गडी तू पयल्यांदा आत घेतलास, ती चूकच. पर ती त्येच्यासाठी केलीस. आता केलंस ते कुनासाठी?"

मी डावा हात पाठीमागं घेतला.

"खंदकात मानूस शेजारच्याच्या भरवशावर डोळा मिटतो, दौलती. तुज्या शेजारी मी कुनाला निजवू?"

त्यानं हे कुणाला सांगितलं नाही, साहेबालाही नाही. फक्त यादीवरचं नाव बदललं. शिदू देवकर.

शिदूला कळलं तेव्हा तो वाफ्यात होता. आला, ऐकून घेतलं, बरं म्हणाला आणि परत वाफ्यात जाऊन बसला. आठवड्यानं त्याची गाडी आमच्या पुलावरून गेली. पहारा नेमका माझाच होता. तो खिडकीत बसला होता, डोक्याला नवी टोपी. पूल आला तसा त्यानं हात बाहेर काढला आणि ओरडून मला सांगितलं, की वांग्याला पाणी घाल. मी हात हलवला. पाणी मात्र घातलं नाही. रोज काठावरून जायचो आणि वाफ्याकडं बघायचो नाही. जागा माझी होती, ती त्यानं नेली, असंच माझ्या मनानं घेतलं होतं. झाडं वाळली तेव्हा दुसऱ्या कुणीतरी ती उपटून चुलीत घातली.

चैत्रात बातमी आली. आफ्रिकेत, केरनच्या डोंगरात चढाई करताना शिदू पडला. हवालदारानं आम्हाला पुलाजवळ रांगेत उभं केलं. बंदुका उलट्या करायला लावल्या. त्यानं शिदूचं नाव, बापाचं नाव आणि गावाचं नाव मोठ्यानं वाचलं. नदीच्या पात्रात त्याचा आवाज घुमला. कप्तान साहेब टोपी काढून उभा होता.

आता मी म्हातारा झालो आहे, म्हणून सांगतो. त्या क्षणी मला शिदूचं दुःख झालं नाही. मला त्याचा हेवा वाटला. ज्याच्याकडं कधी कुणी वळून बघितलं नाही, त्याचं नाव साहेब टोपी काढून ऐकत होता. ते नाव माझं असायला हवं होतं, असं मला वाटलं. दुःख आलं, पण पुष्कळ उशिरा. आणि आलं तेव्हा एकटं आलं नाही.

सेहेचाळीस साली मी घरी परतलो. सात वर्षांत मी पुलाच्या पलीकडं गेलो नव्हतो. हैबती तोवर पक्का शेतकरी झाला होता. गाव त्याला आता बहिरा हैबती म्हणे. पलटणीनं घालवून दिल्यावर गुपित राहिलं नव्हतं. तो माझ्याशी पूर्वीसारखाच वागला. मीही वागलो, पण त्याच्या डोळ्यांत बघून नाही.

दर वैशाखात तो बैलगाडीत नांगर टाकून दहा-बारा दिवस कुठंतरी जायचा. लोकांना वाटे, सासुरवाडीला मदतीला जातो. सत्तेचाळीसच्या वैशाखात मी त्याच्या बायकोला सहज विचारलं, तर ती म्हणाली, की माहेरी कुठले, ते ढाकणवाडीला जातात. लढाईत मेलेल्या कुणाच्या तरी बायकोचं रान नांगरून द्यायला. सहा वर्षं झाली.

मी तसाच उठलो आणि हैबतीच्या गोठ्यात गेलो. यंदा मीही येतो म्हणालो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, की मग तुझे बैल पण घे.

दोन दिवसांची वाट. दुसऱ्या दिवशी दुपारी माणगंगेच्या कोरड्या पात्रात बैल सोडून आम्ही सावलीला बसलो. आता नाही तर कधी नाही, असं वाटून मी बोललो.

"हैबती, सातला मी दोन दाखवली. ती चुकून न्हाई."

तो तंबाखू मळत होता. मळून झाली, दाढेत ठेवली, मग म्हणाला, "ठाव हाय. मी तुज्या तोंडाकडं बघत हुतो. तवाच कळलं, ही दोन न्हवं. पर दुसरा आकडा मला कुठं म्हाईत हुता?"

मी विचारलं, की मग इतकी वर्षं का बोलला नाहीस.

"तू रजंवर आलास की तुजा गळा धरायचा, आसं ठरिवलं हुतं," तो म्हणाला. "दीस मोजत हुतो. मग शिदूची बातमी आली. ती आयकली तवा माज्या मनात पयलं काय आलं, सांगू? बरं झालं. बरं झालं, मी न्हवतो. शिदू मेला आन् मला बरं वाटलं, दौलती. मग कुनाचा गळा धरू?"

तो बैलांकडं बघत राहिला. माझ्या मनात त्या दिवशी पहिलं काय आलं होतं, ते मी त्याला सांगितलं नाही. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

शिदूचं घर वस्तीच्या कडेला होतं. त्याची बायको अनसा अंगणात सुपानं बाजरी पाखडत होती. उंच, हाडकुळी बाई. तिशीही गाठली नसेल. ओट्यावर तिचा म्हातारा सासरा पडून होता. हैबतीला बघताच तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते सख्ख्या भावाला बघूनच बाईच्या चेहऱ्यावर येतं. "आलासा, दादा," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. मग माझ्याकडं बघितलं. हैबतीनं सांगितलं, की हा दौलती, पुलावर शिदूच्या बरोबर होता.

ती पुन्हा सूप घेऊन बसली. थोड्या वेळानं मान वर न करता मला म्हणाली, "दादा सांगत्यात, त्येंनी आपनहून नाव दिलं. खरं हाय?"

हैबती गाडीचं जू उतरवत होता. त्याचे हात थांबले. मी हो म्हणालो असतो तर ते खोटंही झालं नसतं. शिदूचा हात दहाजणांत वर होता, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. तिला तेवढंच ऐकायचं होतं आणि हैबतीनं सहा वर्षं तिला तेवढंच दिलं होतं.

मी तिला सगळं सांगितलं. मूठ, डॉक्टर, यादी, हवालदार. उभ्यानंच सांगितलं. ती पाखडत राहिली. सूप एका लयीत खालीवर होत होतं आणि कोंडा माझ्या पायांवर उडत होता. माझं संपलं तरी ती थांबली नाही. ओट्यावरच्या म्हाताऱ्यानं कूस बदलली.

"तुमच्या घरी कोन हाय?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, की बायको आहे, दोन लेकरं आहेत.

"बरं," ती म्हणाली. सुपातली बाजरी तिनं पाटीत ओतली, पदरानं तोंड पुसलं आणि हैबतीकडं वळली.

"दादा, ह्यास्नी वड्याकडचा तुकडा द्या. तितं दगूड लई हाय."

दुसऱ्या दिवसापासून मी तो ओढ्याकाठचा तुकडा धरला. तिथं रान कमी आणि दगडच जास्त होते. नांगराचा फाळ दर चार हातांवर अडकायचा. पहिल्या वर्षी मी निम्मा तुकडाही काढू शकलो नाही. निघालेल्या दगडांचा बांध घालत गेलो. पुढं हैबतीबरोबर दर वैशाखात जात राहिलो, अकरा वर्षं. शेवटी त्या तुकड्यात बाजरी उभी राहिली.

अनसा आम्हा दोघांना एकाच पंगतीला वाढायची. भाकरी दोघांना सारखीच. पण मला तिनं कधी कशानं हाक मारली नाही. मला काही सांगायचं असलं की ती हैबतीला म्हणायची, दादा, त्यास्नी सांगा, उद्या वरचा बांध बघायचा हाय. मी दोन हातांवर उभा असायचो. हैबती माझ्याकडं वळायचा आणि तेच शब्द मला पुन्हा सांगायचा.

परतीच्या वाटेवर मी कोसभर तोंड उघडत नसे. हैबती समजे, की मला शिदू आठवतोय, म्हणून तोही बोलत नसे. मी मात्र तिच्या तोंडचं ते ‘दादा’ मनात घोळवत त्याच्या शेजारी बसून असे.